चिखलाचा जमाखर्च

कुंभकोणमच्या उत्तर अंगाला कावेरी आणि दक्षिण अंगाला अरसलार. कुठल्याही रस्त्यानं गावाबाहेर पडा, थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना भातखाचरं लागतात. लावणीला महिना-सव्वा महिना झालेलं एखादं खाचर निवडून सकाळच्या वेळी बांधावर बसावं आणि रोपांच्या मधल्या पाण्याकडे नुसतं बघत राहावं. जरा वेळानं चिखलातून एक बुडबुडा सुटतो, वर येऊन फुटतो. मग दुसरा, भलत्याच जागी. काठीनं चिखल हलकेच टोचला तर दहा-वीस एकदम येतात.

या बुडबुड्यांत मिथेन असतो. गोबर गॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टानं १७७६ मध्ये माज्जोरे तलावाच्या काठी असाच चिखल ढवळून, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरून त्याचा अभ्यास सुरू केला. आपल्यालाही हे करून बघता येईल. पाण्यानं काठोकाठ भरलेली बाटली पाण्यातच उलटी धरा, तिच्या तोंडाला नरसाळं लावा आणि त्याखाली चिखल ढवळा. बाटलीत जमलेला वायू पेटवून मात्र पाहू नका. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की ते मिश्रण स्फोटक होतं आणि बाटली हातातच फुटू शकते.

हवेच्या दहा लाख भागांत मिथेन जेमतेम १.९ भाग आहे. कारखानदारीचं युग सुरू होण्याआधी तो ०.७ च्या आसपास होता. प्रमाण एवढंसं, पण शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ किलोंइतकी उष्णता अडवतो. त्यातल्या त्यात बरी गोष्ट अशी की तो हवेत दहा-बारा वर्षांपलीकडे फारसा टिकत नाही. आज त्याची आवक कमी केली तर फरक आपल्याच हयातीत दिसेल. म्हणून मला हा विषय फार मोलाचा वाटतो.

आता मूळ गोष्ट. मिथेन शेत बनवत नाही आणि भाताचं रोपही बनवत नाही. तो बनवतात चिखलातले सूक्ष्मजीव. त्याच चिखलात, त्यांच्यापासून काही मिलिमीटरवर, मिथेन खाऊन जगणारे दुसरे सूक्ष्मजीव असतात. पहिल्यांना या लेखापुरतं मिथेनकर म्हणू. शास्त्रातलं नाव मिथॅनोजेन. दुसऱ्यांना मिथेनभक्षी म्हणू. शास्त्रातलं नाव मिथॅनोट्रॉफ. एकानं बनवलेल्यातून दुसऱ्यानं खाल्लेला वजा केला की जी बाकी उरते, तेवढीच हवेत जाते. इथून जवळच तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी दरबाराचे मोडी कागद जपलेले आहेत. ते लिहिणाऱ्या कुणाही कारकुनाला विचारलं असतं, तर नुसत्या शिल्लक रकमेवरून जमा किती आणि खर्च किती हे सांगता येत नाही, असंच तो म्हणाला असता. चिखलाचंही तसंच आहे. दोन्ही रकाने वेगवेगळे तपासावे लागतात. ते कसे तपासतात, ते क्रमानं बघू.

पहिलं काम बांधावर उभं राहून बोलण्याचं आहे, आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ते टाळून चालणार नाही. मिथेन हा शब्द इथल्या शेतकऱ्याला पुस्तकातून कळलेला नाही. मन्नारगुडीच्या परिसरात जमिनीखालच्या कोळशाच्या थरांतून मिथेन काढायची योजना आली आणि भाताची जमीन व पाणी जाईल या भीतीनं गावंच्या गावं तिच्याविरुद्ध उभी राहिली. सेंद्रिय शेतीचे कार्यकर्ते नम्माळवार ३० डिसेंबर २०१३ रोजी याच विरोधाच्या प्रचारात असताना वारले. पुढे २०२० मध्ये तमिळनाडू विधानसभेनं इथल्या जिल्ह्यांना संरक्षित कृषी क्षेत्र ठरवणारा कायदा केला.

त्यामुळे हातात मोजमापाची पेटी घेऊन ‘मिथेन मोजायला आलोय’ एवढंच म्हटलं, तर आपल्याला शेतात पाऊल ठेवू देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. आधी बसून सांगावं, की तो मिथेन खोल जमिनीखालचा, हा वरच्या वीतभर चिखलातला. खणायचं काही नाही, पेटी अर्धा तास ठेवून उचलायची आहे. खाचर कुणाचं, पाणी कधी आलं, शेणखत किती घातलं, मागचं धसकट कधी नांगरलं, हे त्याच गप्पांत विचारून टिपून घ्यावं. ही टिपणं नसली की पुढच्या आकड्यांचा अर्थच लागत नाही.

दुसरं काम हंगाम समजून घेण्याचं. इथलं भाताचं वेळापत्रक मेट्टूर धरणावर चालतं. पुरेसं पाणी असेल तर धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडायचा रिवाज आहे. त्या पाण्यावर होतं ते कुरुवै, म्हणजे साडेतीन-चार महिन्यांचं हळवं पीक. ऑगस्टच्या सुमाराला सुरू होऊन जानेवारीपर्यंत जातं ते सांबा, गरवं पीक. आणि कुरुवै कापून त्याच खाचरात लगेच दुसऱ्यांदा लावतात ते ताळडी. कुंभकोणमहून मयिलादुतुरैकडे जाताना आडुतुरै लागतं. तिथं १९२२ पासून भात संशोधनाचं केंद्र आहे आणि या प्रदेशातल्या ‘एडीटी’ नावानं सुरू होणाऱ्या सगळ्या वाणांची नावं याच गावावरून आलेली आहेत.

खाचरात पाणी भरल्याबरोबर मिथेन निघत नाही, आणि पहिली मोठी चूक इथंच होते. चिखलणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी माप घ्यायचं, आकडा शून्याजवळ येतो आणि लोक म्हणतात इथं मिथेन नाही. पाण्याखालच्या मातीतला ऑक्सिजन दिवसा-दोन दिवसांत संपतो. मग वेगवेगळे जीवाणू श्वासासाठी ऑक्सिजनच्या बदली दुसऱ्या गोष्टी वापरू लागतात: आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. हे सगळं सरत आलं की मगच मिथेनकरांना वाव मिळतो. याला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. ताळडीत मात्र कुरुवैचं ताजं धसकट नुकतंच गाडलेलं असतं. कुजायला भरपूर माल असतो, त्यामुळे मिथेन लवकर आणि जास्त येतो.

तिसरं काम मला सगळ्यांत आवडतं, कारण त्याला उपकरण लागत नाही. शेतकऱ्याची परवानगी घेऊन भाताचं एक चूड मुळांसकट हळू उपटा आणि पाण्यात विसळून हातावर धरा. आजूबाजूचा चिखल काळा-करडा, कुजक्या अंड्याचा वास येणारा. मुळांवर मात्र गंजासारखा तांबूस लेप दिसतो. तो गंजच आहे. चिखलातल्या विरघळलेल्या लोहाला मुळापाशी ऑक्सिजन मिळाला आणि ते तिथंच बसलं.

तो ऑक्सिजन आला कुठून? पानांकडून. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात; त्यांना वायूतक म्हणतात. पाण्यात पाय रोवून उभं राहणारं हे रोप त्या नळ्यांतून मुळांना हवा पुरवतं आणि थोडी हवा बाहेर चिखलात झिरपते. पण ज्या वाटेनं हवा खाली येते, त्याच वाटेनं चिखलातला मिथेन वर जातो. खाचरातून निघणाऱ्या मिथेनचा ९० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा असा रोपातून जातो. बांधावरून आपण बघत होतो ते बुडबुडे म्हणजे थोडकाच भाग.

तो तांबूस लेप नीट पाहून ठेवा, कारण मिथेनभक्षी तिथंच राहतात. त्यांना मिथेनही हवा आणि ऑक्सिजनही हवा. हे दोन्ही एकत्र मिळतात अशा चिखलात दोनच जागा: पाण्याखालच्या मातीचा अगदी वरचा दोन-तीन मिलिमीटरचा पापुद्रा, आणि मुळांभोवतीचं हे कवच. बाकी सगळा काळा चिखल मिथेनकरांचा. त्यांना ऑक्सिजन विषासारखा आहे. यापुढची प्रत्येक पायरी बिघडते ती या एकाच कारणानं: एकाला हवी ती हवा मिळाली नाही, किंवा दुसऱ्याला नको ती लागली.

आता पेटी. शिल्लक मोजण्यासाठी पारदर्शक ॲक्रिलिकची, तळ नसलेली पेटी रोपांवर पालथी घालतात. तिची चौकट आदल्या दिवशी, शक्य तर त्याहून आधी, चिखलात रोवून ठेवायची. चौकटीच्या काठाला पन्हळ असते. तीत पाणी भरून पेटी तिच्यात बसवली की हवा आत-बाहेर जात नाही. आत हवा ढवळायला बॅटरीवरचा लहान पंखा आणि एक तापमापक. रोपं उंच झाली की पेटीवर दुसरा मजला चढवावा लागतो. शेंडे दुमडून पेटी दाबली, तर मिथेनची मुख्य वाटच आपण मोडलेली असते.

पेटी बसवली की शून्य, दहा, वीस आणि तीस मिनिटांनी इंजेक्शनच्या सिरिंजनं आतली हवा काढायची आणि आधीच निर्वात केलेल्या, रबरी बुचाच्या कुपीत भरायची. या कुप्या पुढे गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रात जातात. ते मिश्रणातले वायू वेगळे करून प्रत्येकाचं प्रमाण सांगतं. समजा आकडे आले २, ५, ८, ११. दर दहा मिनिटांना तीनची वाढ. आलेखावर सरळ रेघ. या रेघेच्या चढावरून, पेटीचा आकार आणि तापमान धरून, दर चौरस मीटरमधून तासाला किती मिथेन सुटतो ते निघतं.

आणि समजा आले २, ४०, ४३, ४६. शेतात मिथेन फार आहे असं वाटून आनंद किंवा घबराट होते. पहिल्यांदा मलाही तसंच वाटलं होतं. खरं कारण माझ्या पायाखाली होतं. कुपी बदलताना मी पेटीच्या कडेला पाऊल टाकलं, चिखल दबला आणि आठवडाभर साचलेले बुडबुडे एकदम पेटीत शिरले. तो दिवसभराचा आकडा टाकून द्यावा लागला. म्हणून बांधापासून पेटीपर्यंत फळी टाकावी, ती विटांवर टेकवावी आणि चिखलात पाय घालूच नये. रेघ सरळ नसेल तर तो आकडा ठेवू नये, कितीही मन झालं तरी. वेळही रोज एकच ठेवावी, साधारण सकाळी ९ ते ११, कारण चिखलाचं तापमान चढलं की मिथेनही वाढतो.

ही पेटी किती महत्त्वाची आहे, याचा दाखला आपल्याच देशातला आहे. भारतातल्या भातशेतीतून वर्षाला ३.७८ कोटी टन मिथेन सुटतो असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं मांडला होता. तो परदेशातल्या शेतांवरची मापं आपल्या क्षेत्रफळाला लावून काढलेला होता. १९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकारानं, ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली, देशभरातल्या खाचरांत अशाच पेट्या ठेवून मोजलं गेलं. आकडा आला सुमारे ४० लाख टन. जगापुढे आपल्या शेतकऱ्यावर येऊ घातलेलं ओझं नऊ-दहा पटींनी उतरलं.

पेटीनं बाकी कळली. रकाने उघडायचे तर चिखल न्यावा लागतो. दोन्ही टोकं उघडी असलेली प्लॅस्टिकची नळी सरळ चिखलात दाबायची, वरून बूच लावायचं, मग हळू वर काढून खालून बूच लावायचं. थर जसेच्या तसे राहतात. फावड्यानं चिखल काढून पिशवीत भरला तर वरचा दोन-तीन मिलिमीटरचा पापुद्रा आणि खालचा काळा गाळ एक होऊन जातो आणि कोण कुठं राहत होतं हे कायमचं पुसलं जातं.

मिथेनकरांसाठीचा चिखल वेगळ्या बाटलीत, त्याच खाचराच्या पाण्याखाली धरून, काठोकाठ भरायचा. वर जागा राहिली की तिथं हवा राहिली. मुळांवरचे मिथेनभक्षी हवे असतील तर मुळं चिखलासकट वेगळी घ्यावी. आणखी एक चूक फार सावध माणसंही करतात: नमुने सगळेच्या सगळे गोठवतात. फक्त डीएनए तपासायचा असेल तर गोठवणं बरोबर आहे. पण जिवंत जीव वाढवायचे असतील तर बर्फाचे स्फटिक त्यांच्या पेशी फाडतात. वाढवायचा नमुना सावलीत, थंडाव्यात ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत न्यावा.

मिथेनभक्षी वाढवण्याची कल्पना सोपी आहे. बाटलीत क्षारांचं पाणी घ्या: नायट्रेट, फॉस्फेट, थोडं तांबं, थोडं लोह. साखर नाही, दुसरं कुठलंही अन्न नाही. त्यात चिमूटभर चिखल टाका, जाड रबरी बूच आणि ॲल्युमिनियमची टोपी घट्ट दाबा, आणि वरच्या हवेत २० टक्के मिथेन भरा. आता या बाटलीत मिथेनवर ज्याला जगता येईल तोच वाढेल. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पाणी गढूळ होतं किंवा पृष्ठभागावर पातळ साय धरते. मिथेन भरायचं काम वायू ओढून घेणाऱ्या कपाटात करावं. जवळपास ज्योत नको. २० टक्के ही मात्रा स्फोटक पट्ट्याच्या वर असली, तरी गळती झाली की हवेत मिसळता मिसळता ती त्याच पट्ट्यात येते.

बाटली सुरुवातीला छान वाढते आणि मग अचानक थांबते. अन्न संपलं असं समजून लोक आणखी मिथेन भरतात. काहीच होत नाही. हिशेब करून बघा. एक भाग मिथेन पुरा जाळायला दोन भाग ऑक्सिजन लागतो. पेशी वाढतात तेव्हा थोडा कमी लागतो, पण तरी मिथेनहून जास्तच. बाटलीत २० भाग मिथेन आहे, आणि उरलेल्या ८० भाग हवेत ऑक्सिजन साधारण १७ भाग. म्हणजे आधी संपतो तो ऑक्सिजन. बूच उघडून हवा बदलावी आणि मग नव्यानं मिथेन भरावा.

यानंतर दहादहाच्या पटीनं विरळ करत जायचं. एक मिलिलिटर घेऊन नऊ मिलिलिटर ताज्या क्षारपाण्यात, त्यातलं एक पुन्हा पुढच्या नऊमध्ये, असं सात-आठ वेळा. शेवटच्या ज्या बाटलीत वाढ दिसते, तीत भरपूर संख्येनं असलेलेच जीव पोचलेले असतात.

तरी बाटलीत पाहुणे असतातच. मिथेनभक्षी मिथेनचं आधी मिथॅनॉल बनवतो, मग टप्प्याटप्प्यानं कार्बन डायऑक्साइड. या मधल्या वाटेवर थोडं मिथॅनॉल सांडतं आणि ते चाटून जगणारे दुसरे जीवाणू भराभर वाढतात. बाटलीतला थेंब थाळीवर पसरला की आलेली पहिली टपोरी वसाहत हमखास त्यांची असते. खात्री एकाच रीतीनं होते: तोच जीव दोन बाटल्यांत घाला, एकीत मिथेन आणि दुसरीत नुसती हवा. दोन्ही गढूळ झाल्या तर तो आपला जीव नाही. पहिलीच गढूळ झाली आणि यंत्रावर तिच्यातला मिथेन कमी झालेला दिसला, तरच हो म्हणावं. हे पुन्हा पुन्हा करण्यात महिने जातात.

मराठी वाचकाला अभिमान वाटावा असं या बाबतीतलं काम पुण्यात झालेलं आहे. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीची संस्था म्हणून सुरू झालेल्या आणि आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी डॉ. मोनाली रहाळकर यांच्या गटानं पश्चिम भारतातल्या भातखाचरांतून मिथेनभक्षी वेगळे करून वाढवले. त्यांतला एक जगाला नवाच निघाला. रंग फिका गुलाबी, पेशी लांबट आणि जीवाणूंच्या मानानं चांगल्याच मोठ्या, ३ ते ६ मायक्रोमीटर. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सूक्ष्मदर्शकाखाली काकडीसारखा दिसणारा म्हणून २०१८ मध्ये त्याचं नाव ठेवलं मिथायलोकुकुमिस ओरायझी: कुकुमिस म्हणजे काकडी, ओरायझा म्हणजे भात. ३७ अंश सेल्सियसच्या वर तो वाढत नाही. पुढे तोच जीव पुण्यात वेताळ टेकडीवरच्या दगडाच्या खाणीतल्या पाण्यातही सापडला. इंद्रायणी भाताच्या रोपांना तो दिला तेव्हा फुलोरा लवकर आला आणि दाणेही वाढले, असं त्या गटाला आढळलं. कावेरीकाठी कुणी असाच धीर धरून बसलं तर इथल्या मुळांवर काय सापडेल, याची मला फार उत्सुकता आहे.

दुसऱ्या रकान्यातले मिथेनकर त्याहून हट्टी. ते दिसायला जीवाणूंसारखे, पण जीवाणू नव्हेत. १९७७ मध्ये कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांची आनुवंशिक घडण तपासून दाखवलं की हे सजीवांचं एक स्वतंत्र घराणं आहे. पुढे त्याला आर्किया हे नाव मिळालं. भातखाचरात ते दोन मुख्य रीतींनी मिथेन बनवतात. साधारण दोन तृतीयांश ॲसिटेट फोडून, म्हणजे व्हिनेगरच्या आम्लाचा क्षार फोडून. उरलेला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून.

त्यांना वाढवायचं तर ऑक्सिजन पूर्णपणे हद्दपार करावा लागतो. यासाठी अमेरिकेच्या रॉबर्ट हंगेट यांनी १९५० च्या सुमाराला बसवलेली पद्धत आजही चालते. क्षारपाणी उकळून त्यातली हवा घालवायची, थंड होताना वरून नायट्रोजन सोडत राहायचं, राहिलासाहिला ऑक्सिजन खाऊन टाकायला थोडं सोडियम सल्फाइड घालायचं. आत रेझाझुरिन नावाचा रंग असतो. ऑक्सिजन असेल तर पाणी गुलाबी, गेला की रंगहीन. पाणी गुलाबी असताना चिखल घालू नका. रंगहीन झालेली बाटली सिरिंज टोचल्यावर पुन्हा गुलाबी झाली, तर दोष सुईच्या पोकळीतल्या हवेचा. सुई आधी नायट्रोजननं दोन-तीनदा धुऊन घ्यावी.

महिनाभरानं बाटलीतल्या वायूत मिथेन आला का ते यंत्रावर तपासायचं. एक सुंदर खूणही आहे. बऱ्याच मिथेनकरांच्या पेशींत एफ-४२० नावाचा पदार्थ असतो. विशिष्ट जांभळट उजेड टाकला की सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी निळ्या-हिरव्या चमकतात. काळ्या चिखलाच्या थेंबात ते ठिपके लुकलुकताना पहिल्यांदा बघितलेलं कुणी विसरत नाही.

इथली नेहमीची चूक माया जास्त करण्याची आहे. जगभरच्या खाचरांत एक मिथेनकर गट डीएनएवरून वर्षानुवर्षं दिसत होता, पण बाटलीत येत नव्हता. संशोधक बाटलीत हायड्रोजन भरभरून देत होते आणि दरवेळी दुसरेच खादाड मिथेनकर वर येत होते. जपानमधल्या संशोधकांनी युक्ती केली. हायड्रोजन भरायचा सोडून, प्रोपिओनेट खाऊन हळूहळू हायड्रोजन सोडणारा एक जीवाणू त्यांनी सोबतीला ठेवला. खऱ्या चिखलात मिळतो तसा थेंबाथेंबानं हायड्रोजन मिळू लागला आणि तो गट २००७ मध्ये बाटलीत वाढला. त्याचं नाव पुढे मिथॅनोसेला पडलं.

वाढवता येतात त्यांच्याहून न येणारे कितीतरी जास्त असतात. म्हणून चिखलातून थेट डीएनएही काढतात. प्रत्येक रकान्याला एक खुणेचा जनुक आहे: मिथेन बनवणाऱ्यांत एमसीआरए, खाणाऱ्यांपैकी बहुतेकांत पीएमओए. त्यांच्या प्रती मोजल्या की कोण किती आहेत याचा अंदाज येतो. काढलेला डीएनए तपकिरी दिसला तर त्यात मातीतली ह्युमिक आम्लं उतरली आहेत. त्यांनी पुढची प्रक्रिया अडते आणि ‘काही सापडलं नाही’ असा खोटा निकाल येतो. विरळ करून पुन्हा लावावं. शिवाय मेलेल्या पेशीचाही डीएनए मातीत राहतो, त्यामुळे हजेरीपटावर नाव आहे म्हणजे माणूस कामावर आहे असं धरू नये.

काम किती चाललंय हे कळायला पुन्हा पेटीकडे यावं लागतं. शेजारी-शेजारी दोन पेट्या ठेवायच्या. एकीत मिथेनभक्ष्यांचं विकर, म्हणजे मिथेन पचवणारं त्यांचं हत्यार, तात्पुरतं बंद पाडणारा वायू अगदी थोडा सोडायचा. डायफ्लुरोमिथेन त्यासाठी वापरतात. त्या पेटीत जितका मिथेन जास्त दिसेल, तितका एरवी खाल्ला जात होता. जमा, खर्च आणि बाकी, तिन्ही आकडे इथं पहिल्यांदा एका कागदावर येतात. ते रोपाच्या वयाप्रमाणे आणि खताप्रमाणे बदलतात. अमोनियाचा रेणू मिथेनसारखाच दिसत असल्यामुळे युरिया टाकल्यावर हे विकर फसतं आणि मिथेन खाणं मंदावतं. पण नत्राला भुकेलेल्या मिथेनभक्ष्यांना त्याच खतानं जोरही येतो. म्हणून एका दिवसाच्या मापावरून खताबद्दल काहीही ठरवू नये.

हे सगळं कळल्यावर शेतकऱ्याला सांगण्याजोगी गोष्ट आहे पाण्याची. तमिळमध्ये तिला ‘काय्च्चलुम पाय्च्चलुम’ म्हणतात: सुकवणं आणि भिजवणं, आलटून पालटून. भोकं पाडलेली फूटभर लांबीची नळी अर्धी चिखलात रोवायची आणि आतला चिखल काढून टाकायचा. आतली पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेली की मगच पुन्हा पाणी द्यायचं. मधल्या दिवसांत हवा चिखलात शिरते, मिथेनकर थंडावतात, मिथेनभक्ष्यांना खायला सवड मिळते. हंगामात असं अनेकदा केलं तर मिथेन जवळपास निम्म्यावर येतो. फुलोऱ्याच्या दिवसांत मात्र पाणी तोडू नये, दाणे पोचट राहतात. नत्रखत टाकून लगेच खाचर सुकवलं तर नायट्रस ऑक्साइड हा दुसरा उष्णता धरणारा वायू वाढतो, तेही सांभाळावं.

आणि हा सल्ला इथं सरसकट देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कुरुवैला तो चालतो, कारण पाणी कालव्याचं किंवा पंपाचं असतं. सांबाच्या वेळी ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो. तेव्हा खाचर सुकवा म्हणणं म्हणजे शेतकऱ्याच्या हातात नसलेलं काम त्याच्यावर टाकणं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी कधी येईल याची शाश्वती नसते. तिथला शेतकरी आलेलं पाणी धरून ठेवणारच.

एक नमुना राहिला. तो मे महिन्यात घ्यावा. तेव्हा खाचर कोरडं असतं, भेगा इतक्या रुंद की त्यांत बोट जातं. दोन ढेकळं उचला. एक फोडून मिथेन भरलेल्या क्षारपाण्यात टाका, दुसरं रंगहीन झालेल्या बाटलीत. महिनोन् महिने तापलेल्या त्या मातीत मिथेनभक्षी जाड कवच घेऊन पडून असतात, आणि मिथेनकरही, ऑक्सिजन त्यांना विष असला तरी, ढेकळाच्या आत तग धरून असतात. काही आठवडे लागतात. पहिली बाटली गढूळ होते, दुसरीत मिथेन येतो. शेतात ते मेट्टूरच्या पाण्याची वाट बघत असतात.